जसं आलं तसं

'जसं आलं तसं पुढे पाठवलं आहे' या सहा शब्दांइतकं सोयीस्कर वाक्य मराठी भाषेत दुसरं नसेल. पूर्वी माणसाला खोटं बोलायचं झालं तर निदान ते स्वतः रचावं लागायचं. त्याला थोडी कल्पकता लागे, बरीच स्मरणशक्ती लागे, आणि पकडलं गेल्यावर तोंड लपवायला जागा लागे. आता यातलं काहीच लागत नाही. फक्त अंगठा लागतो. एकेकाळी ज्याला सही करता येत नसे तो अंगठा उठवायचा. आता चांगली शिकलीसवरलेली माणसं दिवसभर अंगठा उठवत असतात आणि शाईचा खर्चही वाचवतात.

आमच्या बँकेच्या धंद्यात या प्रकाराला फार जुनं नाव आहे. तुमच्या नावाचा चेक तुम्हाला दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल तर तुम्ही त्याच्या पाठीवर सही करता. याला एंडॉर्समेंट म्हणतात. 1881 सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट सांगतो की, अशी सही केलीत की त्या चेकच्या पाप-पुण्यात तुम्हीही भागीदार झालात. चेक वटला नाही तर पुढचा माणूस रीतसर नोटीस देऊन तुमची मानगूट धरू शकतो. अर्थात कायदा दयाळू असतो. सहीबरोबर 'सान्स रिकोर्स' हे दोन फ्रेंच शब्द लिहिले की तुम्ही सुटलात. मतलब असा, 'हा घ्या कागद, पण पुन्हा माझ्या दारात येऊ नका.' बँकेच्या परीक्षेसाठी हे कलम मी घोकून पाठ केलं होतं. पुढे 20 वर्षं काउंटरवर बसलो, पण असा चेक एकदाही पाहिला नाही. कारण उघड आहे. देणाराच ज्याची हमी घेत नाही असा कागद घेणार कोण? पैशाच्या बाबतीत इतका चाणाक्ष असलेला हा माणूस बातमीच्या बाबतीत मात्र रोज असे चाळीस चेक हसतमुखाने घेतो आणि चहा पिता पिता पुढे सरकवतो.

हा विषय निघाला की तरुण पिढीला झोडपायची आपल्याकडे प्रथा आहे. 'हल्लीची मुलं विचारच करत नाहीत हो!' हे वाक्य म्हणणाऱ्याचं वय साधारण पासष्ट असतं आणि त्याने सकाळपासून सतरा मेसेज पाठवलेले असतात. वाचकहो, 21 सप्टेंबर 1995 हा दिवस आठवा. त्या दिवशी देशभरातले गणपती दूध प्याले. व्हॉट्सॲपचा जन्म व्हायला तेव्हा चौदा वर्षं अवकाश होता. तरीही केवळ साध्या टेलिफोनच्या आणि शेजारणींच्या जोरावर ती वार्ता दुपारपर्यंत देशभर आणि मग साता समुद्रापलीकडच्या देवळांपर्यंत गेली. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं की, चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे वर ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून निमूटपणे खाली ओघळतं. पण रांग काही हलली नाही. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. त्या रांगेत चमचा घेऊन उभे असलेले सगळे वडीलधारे होते.

काउंटरवर तर या गोष्टींचा रतीबच असतो. दहा रुपयांच्या नाण्याचं घ्या. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये जाहीर केलं की, दहाच्या नाण्याचे चौदा नमुने निघाले आहेत आणि चौदाही चालतात. हे पत्रक घेऊन मी आमच्या किराणावाल्याकडे गेलो.

"साहेब, हे चालत नाही," तो नाण्याकडे पाहून म्हणाला.

"कशावरून?"

"सगळे म्हणतात."

"अहो, मी बँकेत आहे. आम्ही म्हणतो की चालतं."

"तुम्ही एकटेच म्हणता ना, साहेब!"

दोन हजारांच्या नोटेचंही तेच. ती नोव्हेंबर 2016 मध्ये आली ती पोटात चिप घेऊनच, असं लोकांचं म्हणणं. जमिनीत पुरली तरी म्हणे उपग्रहाला दिसायची. काउंटरवर चांगले चांगले लोक नोट उजेडात धरून चिप शोधत. पुढे मे 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने ती नोट परत मागवली, तेव्हा ज्याने त्याने आपापली नोट स्वतःच आणून भरली. उपग्रहाने एकही शोधून दिली नाही.

हसण्यावारी नेता येतं ते इथपर्यंतच.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. 1 जुलै 2018, आठवडे बाजाराचा रविवार. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागत फिरणारे पाच जण तिथे आले. मुलं पळवणारी टोळी हिंडते आहे हा मेसेज त्यांच्या आधीच पोहोचला होता. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून मारलं. पाचही जण गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरता नियम आणला की, मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. मी विनोदी लेख लिहितो, पण या पाचाच्या आकड्यावर मला विनोद सुचत नाही.

यातली मला छळणारी गोष्ट अशी की, तो मेसेज पुढे पाठवणारे बहुतेक लोक दुष्ट नसावेत. कुणा आईने बहिणीला पाठवला असेल, 'पोरांना जप गं' म्हणून. कुणा मामाने भाच्यांच्या काळजीने पाठवला असेल. खोटा असला तर आपलं काय गेलं, खरा असला तर एखादं पोर वाचेल, असा सरळ हिशेब. मी बी. कॉम. आहे, म्हणून तो हिशेब मला वहीच्या भाषेत दिसतो. जमेच्या बाजूला आपलं मूल, आणि नावेची बाजू कोरी. पण ती बाजू कोरी नव्हती. तिथेही पाच जणींची मुलं होती, फक्त ती आपल्या ओळखीची नव्हती. आता प्रश्न असा आहे की, मन चांगलं असलं म्हणजे तपासण्याचा आळस माफ होतो का? बँकेत एखाद्या कारकुनाने खोटा चेक पास केला आणि 'साहेब, माझा हेतू चांगला होता' असं सांगितलं, तर साहेब त्याच्या हेतूचं कौतुक करतात आणि त्याला सस्पेंड करतात.

आमच्या पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात ही फक्त लांबच्या गावाची गोष्ट नाही. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग मोटारींचे आणि स्कूटरींचे कारखाने आले, 1982 साली महानगरपालिका झाली, आणि मग कारखाने चाकणच्या माळावर सरकले. त्यांच्या मागे बीड, लातूर, बुलढाणा, जळगाव इथून आणि पार बिहारपासून पोरं आली. आयटीआय झालेली, ठेकेदाराकडे लागलेली, एका खोलीत सहा जण कॉट बेसिसवर राहणारी. तीन पाळ्यांमुळे खोलीतले सहा जण एका वेळी जागे नसतात. घरात वर्तमानपत्र नाही, वडीलधारं माणूस नाही, कट्टा नाही. आई, गाव, पगार, सिनेमा, देव आणि देश हे सगळं त्या एका फोनमधून येतं. त्यातूनच एक दिवस मेसेज येतो, 'नामांकित कंपनीत थेट भरती, रजिस्ट्रेशन फी फक्त 1,500 रुपये.' असा एक पोरगा माझ्या काउंटरवर पैसे भरायला उभा होता. मी म्हटलं, "अरे, नोकरी लागल्यावर कंपनीने तुला पैसे द्यायचे की तू कंपनीला?" तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. हा प्रश्न त्याला येत नव्हता असं नाही. तो विचारायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

कारण या पोरांना विचार करता येत नाही असं ज्याला वाटतं त्याने त्यांना कारखान्यात काम करताना पाहावं. बाहेरून आलेला माल तिथे सरळ लाइनवर जात नाही. आधी इनकमिंग इन्स्पेक्शन. व्हर्निअर लावून मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत माप घेतात, आणि नापास माल लाल डब्यात. कुठे बिघाड झाला तर टोयोटावाल्यांकडून आलेली रीत, लागोपाठ पाच वेळा 'का?' विचारायचं. बोल्ट सैल का राहिला? पाना नीट बसला नाही. का बसला नाही? झिजला होता. का झिजला? असं मुळापर्यंत. आणि हाच पोरगा पाळी सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये बसतो, रात्री मोज्यात कांदा ठेवून झोपलं की ताप उतरतो असा मेसेज त्याला येतो, आणि एकही 'का' खर्च न करता तो पन्नास जणांना पाठवतो. पाच-पाचच्या हप्त्यांनी.

आमच्या भागातल्या तरुण मंडळाच्या अध्यक्षाला हे पटलं. तो मंडळाचा हिशेब तपासून घ्यायला माझ्याकडे येतो, त्यामुळे मी न मागता सल्लागार आहे. मात्र पटल्याबरोबर त्याने मराठी माणूस जे करतो तेच केलं. व्याख्यान ठेवलं. विषय, 'सोशल मीडिया: शाप की वरदान?' मी शाळेत असताना 'विज्ञान: शाप की वरदान' होतं, पुढे 'दूरदर्शन: शाप की वरदान' झालं. शाप बदलत गेले, 'की' तेवढा कायम आहे. वक्ते दीड तास बोलले. 'विवेक' हा शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरला की मागच्या रांगेतल्या एकाने मला हळूच विचारलं, "काका, हा विवेक कोण?" शाल-श्रीफळ झालं. त्याच रात्री वक्त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर आभाराचा मेसेज टाकला आणि त्याच्याखाली, नासाच्या हवाल्याने, तुळशीबद्दल काहीतरी टाकलं.

सांगून विचार येत नाही हे गाडगेबाबांनी फार पूर्वी ओळखलं होतं. ते कीर्तनात सांगण्यापेक्षा विचारत जास्त, आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढत. जोतिराव फुल्यांनी 1873 साली पुण्यात समाज काढला तेव्हा त्याला 'सत्यशोधक' नाव दिलं. 'सत्यप्रेषक' दिलं नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. तिचे कार्यकर्ते पोरांसमोर आधी स्वतःच चमत्कार करून दाखवतात आणि मग त्यामागची हातचलाखी उघडी करतात. एकदा युक्ती कळलेलं पोर पुढच्या बुवाच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, हाताकडे पाहतं. केंब्रिजच्या संशोधकांनी 2018 मध्ये इंटरनेटवर एक खेळ आणला, त्यातही खेळणाऱ्याला स्वतःच खोट्या बातम्या पसरवणारा व्हावं लागतं. म्हणजे आमच्या कार्यकर्त्यांचीच युक्ती, फक्त विलायती.

आमच्या इथे बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. एका गुरुवारी अध्यक्षाने पोरांना अभ्यासिकेत बसवलं, सगळ्यांचं इंटरनेट बंद केलं आणि सांगितलं, "आज प्रत्येकाने एक खोटा मेसेज बनवायचा." आयुष्यात प्रथमच मंडळाची बैठक वेळेवर सुरू झाली. एकाने कुठल्या तरी जुन्या पुराच्या फोटोखाली 'आत्ता, इंद्रायणीचा पूल' असं लिहिलं. लागली चार मिनिटं. तो फोटो मूळचा कुठला हे शोधायला पुढच्या गुरुवारी बाकीच्यांना दीड तास लागला. खोट्याचा उत्पादनखर्च आणि खऱ्याचा उत्पादनखर्च यातला फरक त्यांना व्याख्यानाविना कळला.

मग मी माझ्या धंद्यातली एक वस्तू पुढे केली. चेक परत पाठवताना आम्ही त्याला एक मेमो लावतो, त्यात कारणं छापलेली असतात. ती कारणं मेसेजला जशीच्या तशी लागू पडतात. पहिलं कारण, शिळा चेक. 1 एप्रिल 2012 पासून चेकचं आयुष्य तीन महिन्यांचं आहे. मेसेजमधले दंगलीचे फोटो मात्र दहा-दहा वर्षांचे असून ताज्या तारखेने वटतात. दुसरं, सही जुळत नाही. पु. ल. देशपांडे 2000 साली गेले, पण त्यांचं नवीन लेखन रोज सकाळी येतं. तुकोबांचं तर विचारूच नका. देहू आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, गाथा घरोघर, तरी उघडून पाहण्याची तसदी कुणी घेत नाही. तिसरं, अक्षरी आणि आकडी रक्कम जुळत नाही, म्हणजे फोटो एक सांगतो आणि खालची ओळ दुसरंच. चौथं, खात्यात पुरेशी शिल्लक नाही. 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे' एवढा मोठा चेक, पण कोणत्या शास्त्रज्ञांनी, कुठे, कधी, हे विचारलं की खातं रिकामं. आणि पाचवं, असं खातंच नाही. 'थेट भरती' आणि 'लिंकवर पिन टाका, पैसे जमा होतील' हे या सदरातले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, एवढं एक वाक्य पाठ असतं तर कित्येकांचा पगार वाचला असता. गेलाच, तर 1930 या नंबरावर ताबडतोब फोन करायचा, हेही पोरांनी मेमोच्या खाली लिहून ठेवलं.

पण दोन महिन्यांत नवीनच आजार सुरू झाला. पोरं सरसकट सगळंच नापास करू लागली. डबक्यात पाणी साठवू नका हा महानगरपालिकेचा मेसेज एकाने 'शिल्लक अपुरी' म्हणून परत पाठवला. डास मात्र खरे निघाले. "काका, कुणावरच विश्वास ठेवायचा नाही असंच ना?" तो तापातून उठल्यावर मला म्हणाला. मी म्हटलं, "अरे, सगळे चेक पास करणारी बँक बुडते, तशी सगळे परत करणारीही बुडते." सगळं खरं मानणारा आणि सगळं खोटं मानणारा, दोघांचं एका बाबतीत एकमत असतं. दोघांनाही तपासायचे कष्ट नको असतात. बँक प्रत्येक सही ताडून पाहते, पण त्यात ग्राहकाचा अपमान नसतो, कारण ती सगळ्यांचीच पाहते. शंका घेण्यात पाप नाही. ती निवडक माणसांवर घेण्यात आहे.

आणि खरी गोम इथेच आहे. परक्याचा चेक कुणीही बारकाईने तपासतो. मॅनेजरसाहेबांच्या मेहुण्याचा चेक आला म्हणजे कारकुनाची परीक्षा असते. विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याविषयीचा मेसेज पोरं भिंगाखाली धरत. आपल्या पुढाऱ्याविषयीचा, आपल्या जातीविषयीचा, आपल्या लाडक्या खेळाडूविषयीचा आला की भिंग कुठे ठेवलं ते कुणालाच आठवत नसे.

एका संध्याकाळी ग्रुपवर असाच मेसेज आला. सोबत व्हिडिओ. आपल्या भागात बाहेरच्यांनी काहीतरी भयंकर केलं आहे, आणि आपण जमलं पाहिजे. 'आपले' आणि 'बाहेरचे' हे दोन शब्द सोडले तर मजकूर फारसा नव्हता. एरवी तोंडपाठ मेमो लावणारी पोरं गप्प. तेवढ्यात वाशिमकडच्या, चाकणला रात्रपाळी करणाऱ्या एका पोराने एकच शब्द लिहिला, 'कशावरून?' ग्रुपवर शांतता पसरली. मग कुणीतरी लिहिलं, 'तू कुणाच्या बाजूचा आहेस?' हा प्रश्न आला की समजावं, चेकची तपासणी संपली आणि कारकुनाची सुरू झाली.

त्या पोराची खोली तिथे, घरमालक त्याच ग्रुपवर, पुढच्या महिन्याचं भाडं बाकी. एकट्याने 'कशावरून' विचारणं म्हणजे काय असतं ते मी सांगायला नको. दाभोलकर असे प्रश्न आयुष्यभर विचारत राहिले. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी फिरायला निघालेले असताना पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. मी फोन हातात घेऊन बसलो होतो. तेवढ्यात, फक्त डीजेच्या आवाजासाठी प्रसिद्ध असलेल्या आमच्या अध्यक्षाने लिहिलं, 'मला पण सांगा, कशावरून?' मग आणखी एक आला. मग मी लिहिलं. मग सात झाले. मेसेज टाकणाऱ्याने शेवटी ते सहा शब्द लिहिले, जसं आलं तसं पुढे पाठवलं आहे. अर्ध्या तासात पोरांनी शोधलं. व्हिडिओ दुसऱ्या राज्यातला आणि कित्येक वर्षांचा शिळा होता. कुणी जमलं नाही, काही झालं नाही. काही न होण्याची बातमी येत नाही, म्हणून ती इथे लिहून ठेवतो.

राईनपाडा घडलं त्याच रात्री मालेगावातही अशाच अफवेवरून जमावाने पाच जणांच्या एका कुटुंबाला घेरलं होतं. त्यात दोन वर्षांचं मूल होतं. तिथल्या काही लोकांनी त्यांना घरात घेतलं आणि पुढे पोलिसांनी सोडवलं. तारीख तीच, अफवा तीच, माणसंही पाचच. फरक एका दाराचा. दार उघडणाऱ्याला त्या वेळी अफवा खोटी आहे याचा पुरावा मिळाला असेल असं मला वाटत नाही. खात्री झाल्याशिवाय हात उचलायचा नाही एवढंच त्याला ठाऊक असावं. विचार कसा करावा हे पोरांना पुस्तकातून, शाळेतून, कारखान्यातून शिकवता येतं. पण तो चारचौघांत बोलून दाखवायला शेजारी दोन माणसं लागतात, आणि ती पुरवणं हे मंडळाचं काम. मंडळं वर्गणी गोळा करतात, मूर्ती बसवतात, दहीहंडीला थर लावतात. खालचा थर पक्का असेल तरच वरचं पोर हंडीला हात घालतं हे त्यांना कुणी शिकवायला नको.

आता मंडळाने अभ्यासिकेत आवक-जावक रजिस्टर ठेवलं आहे. आलेला मेसेज, तपासणाऱ्याचं नाव, निकाल, कारण. त्याची कीर्ती सोसायट्यांमधून पसरली आणि त्यातून एक वेगळीच आपत्ती उद्भवली. आमच्या इमारतीतल्या सगळ्या आज्या हल्ली कुठलाही मेसेज नातेवाइकांना पाठवण्यापूर्वी पोरांकडे पाठवतात, 'हे जरा पास कर रे बाळा' म्हणून. एकट्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे दिवसाला तीस येतात. पोरं पाळी करून येतात आणि रात्री बारापर्यंत कांदे, मोजे, तुळस आणि नासा तपासत बसतात. शेवटी अध्यक्षाने परवा माझा सल्ला घेऊन दारावर पाटी लावली आहे: 'दुसऱ्या व चौथ्या शनिवारी क्लिअरिंग बंद राहील.'